मेणाची साक्ष

मधाची बाटली हाती घेतली की तो शुद्ध आहे ना, एवढेच आपण विचारतो. त्यात साखरेचा पाक मिसळला आहे काय, हा त्या प्रश्नाचा जुना अर्थ. कीटकनाशकाचा अंश उतरला आहे काय, हा अलीकडचा. दोन्ही शंका रास्त आहेत, परंतु दोन्ही खाणाऱ्याच्या आहेत. ज्या जिवाने तो मध केला, त्याच्या बाजूने हीच तपासणी कशी दिसेल, हा विचार काही दिवसांपासून आमच्या मनात घोळतो आहे.

ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे जाताना पौष-माघात दुतर्फा मोहरी फुललेली असते आणि शेतांच्या कडेने मधपेट्या मांडलेल्या असतात. त्याच सुमारास मोहरीवर मावा पडतो (इकडे त्यास माहू म्हणतात) आणि फवारणी होते. माश्या संध्याकाळी पेटीत परतल्यावर फवारावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. तो पाळला जातोच असे नाही. पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला की मधपाळ शेतकऱ्याकडे बोट दाखवतो आणि शेतकरी औषध विकणाऱ्याकडे. तपासणीची मागणी पुष्कळदा येथूनच निघते. पुरावा हवा असतो तो दुसऱ्याविरुद्ध.

2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातून गोळा केलेल्या मधाच्या 198 नमुन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन-चतुर्थांश नमुन्यांत निओनिकोटिनॉइड गटातले किमान एक कीटकनाशक सापडले. तरी बहुतेक सर्व नमुने मनुष्याच्या आहारासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच होते. उमेदीची वर्षे सरकारी कागदांत गेल्यामुळे ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांचे सामर्थ्य आम्ही जाणतो. ते उमटले की नस्ती बंद होते. मात्र ही मर्यादा आपल्या देहाच्या मापाने ठरलेली आहे. ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढ्या वजनाच्या आणि त्याच मधावर जगणाऱ्या माशीविषयी ती काहीच सांगत नाही.

मेणाची गोष्ट याहून निराळी. मध हे माशीचे अन्न, तर मेण हे तिचे घर. त्याच्याच कोठड्यांत अंडी घातली जातात, अळ्या वाढतात. मेण स्निग्ध असल्याने मेदात विरघळणारी विषे ते धरून ठेवते. जुनी पोळी वितळवून त्यांचे मेणपत्रे पुन्हा पेटीत बसवले की ती विषेही परत येतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत मेणाच्या सुमारे 98 टक्के नमुन्यांत फ्लुव्हॅलिनेट आणि कौमाफॉस ही द्रव्ये आढळली. ती मुख्यतः शेतातून आलेली नव्हती. व्हरोआ नावाचा परोपजीवी कोळी मारण्यासाठी मधपाळांनी ती स्वतः पेटीत ठेवली होती. हा कोळी मूळचा आशियाई माशीवरचा. युरोपीय मेलिफेरा माशीला तो सोसत नाही, उपचार न केल्यास बहुधा वसाहतच नष्ट होते. म्हणजे हे द्रव्य घातले गेले ते वाचवण्यासाठीच. दुष्टपणाचा येथे लवलेश नाही, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होतो. 2011 सालच्या एका प्रयोगात तर अनेक कीटकनाशकांचे अंश मुरलेल्या जुन्या पोळ्यांत वाढलेल्या कामकरी माश्यांचे आयुष्य सुमारे चार दिवसांनी घटलेले दिसले. उन्हाळी कामकरी माशी जगते जेमतेम पाच-सहा आठवडे.

मग मेण तपासावे की नाही? मधपाळाची अडचण आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. त्याच्या स्वतःच्या औषधाचे नाव अहवालात आले की औषधविक्रेता तेवढ्याच ओळीवर बोट ठेवील आणि फवारणीचा विषय बाजूला पडेल. प्रामाणिकपणाची किंमत दोन पक्षांपैकी दुबळ्यानेच मोजायची काय? तरीही आमचे मत तपासावे असेच आहे. प्रत्येक द्रव्याचे नाव आणि प्रमाण वेगवेगळे लिहून. कारण त्या कोठडीतल्या अळीला विष कोणी आणले हा भेद कळत नाही. हे मत देणे आम्हांस सोपे आहे, आमच्या पेट्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एक मधपाळ आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी आले होते. निवृत्तीनंतर ही कामे आपोआप येतात. पिशवीत मधाची बाटली होती आणि कागदात गुंडाळलेला मेणाचा गोळा. अर्ज निम्मा झाला तेव्हा त्यांनी विचारले, “साहेब, मेणाच्या अहवालात कोणकोणती नावे येतील?” आम्ही म्हणालो, तपासली तितकी सगळी. ते थोडा वेळ गप्प बसले. मग बाटली टेबलावरच राहू देऊन त्यांनी तो गोळा पुन्हा पिशवीत ठेवला, आणि अर्जातला ‘मेण’ हा शब्द आम्ही खोडला.