पोपटाला धरलंय कुणी?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५ आणि ६.

गेले १९ दिवस मी इथे काहीच लिहिलं नाही. "कामात होते" असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण खरं कारण आजच्या श्लोकांशीच जोडलेलं आहे, म्हणून सांगूनच टाकते.

ऑफिसमध्ये एक चूक झाली. क्लायंटला पाठवायच्या फाइलमध्ये माझ्याकडून मागच्या महिन्याचे आकडे गेले आणि ते सगळ्यांसमोर, मीटिंगमध्ये लक्षात आलं. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. कुणी फार बोललंही नाही. पण संध्याकाळी घरी येताना आईचा फोन आला आणि मी तिच्यावर उखडले. तिने फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारलं होतं.

रात्री अंथरुणावर पडले आणि आतून सुरू झालं. "एक काम धड जमत नाही तुला." थोड्या वेळाने, "आईशी असं बोलतेस आणि सकाळी गीता वाचतेस?" मग, "लोकांना चिंतन लिहून देतेस, आधी स्वतःकडे बघ." दुसऱ्या दिवशी पोथी उघडायला हात धजला नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, दोन दिवसांचा खाडा झालाच आहे, आता कुठल्या तोंडाने बसू? आणि गंमत म्हणजे हे सगळं मला चांगलंच वाटत होतं. हा पश्चात्ताप आहे, ही नम्रता आहे, असं मी समजत होते.

काल शेवटी पोथी उघडली, ती नेमकी सहाव्या अध्यायावर. भगवंत सांगतात की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, स्वतःला खाली ढकलू नये. कारण आपणच आपले सोबती असतो आणि आपणच आपले वैरी. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण "वर काढावं" यावरच नेहमी लक्ष जायचं. "खाली ढकलू नये" ही सुद्धा आज्ञा आहे, हे काल पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्याला घालूनपाडून बोलू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. स्वतःला बोलायला मात्र जणू सगळी मोकळीक!

मग ज्ञानेश्वरी काढली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सांगितलेल्या या ग्रंथात माउलींनी या श्लोकावर एक दृष्टांत दिलाय. पोपट पकडायला दोरीत नळी ओवून टांगतात. पोपट येऊन तिच्यावर बसतो. त्याच्या वजनाने नळी गरकन फिरते आणि तो उलटा लटकतो. खरं तर पाय सोडले की झालं, पंख आहेतच, उडून जाईल. पण त्याला वाटतं, सोडलं तर पडेन. म्हणून तो नळी आणखी घट्ट आवळतो आणि आपण अडकलो म्हणून तडफडत राहतो. अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडायचा नाही, असं माउली म्हणतात. पोपटाला बांधलंय कुणी? कुणीच नाही.

हे वाचताना मला माझी नळी दिसली. मला वाटत होतं, या विचारांनी मला धरलंय. पण मीच त्यांना सोडत नव्हते. का? कारण आत एक भीती होती: मी स्वतःला बोलणं थांबवलं तर बेफिकीर होईन. मला माझी चूक खुपत राहिली, तरच मी चांगली माणूस आहे. म्हणजे हा आतला पहारेकरीच मला सांभाळतोय, तो गेला की मी पडणार! पोपटाचाही हिशोब हाच होता.

तो पहारेकरी मला खरंच सांभाळत होता का? एकच गोष्ट सांगते. त्या १९ दिवसांत मी स्वतःला शेकडो वेळा नावं ठेवली. पण आईला एकदाही "चुकलं माझं" म्हटलं नाही. तिचे फोन यायचे, तेव्हा लाज वाटून मी दोन वाक्यांत संपवायचे. जे एक काम खरोखर करायला हवं होतं, तेच राहिलं होतं.

तेव्हा मला पश्चात्ताप आणि आत्मनिंदा यातला फरक कळला. पश्चात्ताप एका कृतीकडे बोट दाखवतो: "हे चुकलं, हे नीट कर." तो आपल्याला दुखावलेल्या माणसाकडे नेतो, देवाकडे नेतो. आत्मनिंदा म्हणते, "तू आहेसच तशी." यात करण्यासारखं काही उरतच नाही. ती आपल्याला खोलीत कोंडते आणि दाराला कडी लावते. वरून नम्र दिसते, पण तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत "मी, मी" एवढंच असतं. ना आई, ना पांडुरंग.

याच अध्यायात पुढे अर्जुन आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो. श्रद्धेने सुरुवात केली, पण मधेच मन ढळलं, तर त्या माणसाचं काय? फुटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? भगवंत उत्तराला सुरुवात करतात तीच आश्वासनाने आणि त्या श्लोकात अर्जुनाला "तात" म्हणतात. म्हणजे बाळा. भलं करायला निघालेल्याची दुर्गती होत नाही, बाळा. आपल्या समर्थांचंही तसंच. मनाच्या २०५ श्लोकांत ते मनाला वासना सोड, क्रोध सोड, असं कितीतरी सुनावतात. पण सुरुवातीलाच त्या मनाला "सज्जन" म्हणून हाक मारतात. शिस्त पूर्ण आहे, पण अपमान नाही. मी माझ्या मनाला हाक मारते ती काय म्हणून? मूर्ख. बिनडोक. मग ते माझं का ऐकेल?

"पण रोजचं काय करायचं?" असं तुम्ही विचाराल. विचार काही विचारून येत नाहीत. आमच्या भजनात एक पखवाज वाजवणारे काका आहेत. मी नवीन असताना माझा टाळ चुकायचा आणि मी ओशाळून आणखी चुकायचे. ते एकदा म्हणाले, "चुकलं की टाळ थांबव. पखवाज ऐक. धृपदाला परत ये." बस. माफी मागायला अख्खं भजन थांबवायचं नसतं. आणि "मला जमत नाही" म्हणून उठूनही जायचं नसतं. धृपद परत येतंच, तिथे सामील व्हायचं. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, हे तर भगवंतही मान्य करतात. ते उपाय सांगतात तो अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे मला तरी हेच वाटतं: पुन्हा पुन्हा धृपदाला येणं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. काही वेळा हा आवाज इतका मोठा होतो की झोप, भूक जाते, जगणंच नकोसं वाटतं. तेव्हा "नामस्मरण कमी पडतंय" असं म्हणून स्वतःला आणखी एक दोष लावू नका. अर्जुनाचे हात थरथरत होते, तोंडाला कोरड पडली होती, धनुष्य गळून पडत होतं. त्याने ते लपवलं नाही, शेजारी होता त्याला सांगितलं. गीता तिथूनच सुरू झाली. तुम्हीही घरच्यांना, मित्राला, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. मदत मागणं हे सुद्धा स्वतःला वर काढणंच आहे.

काल रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी उगाच ओरडले तुझ्यावर. चुकलं माझं." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, कळतं मला. दमलेली असतेस. जेवलीस का?"

मी १९ दिवस जिच्यासमोर जायला घाबरत होते, ती तिथेच उभी होती, तोच प्रश्न घेऊन. विठोबाही असाच उभा असेल ना? कमरेवर हात ठेवून, हिशोब न मागता.

आजचा संकल्प: मनात "तू अशीच आहेस", "तू असाच आहेस" असं आलं की थांबायचं आणि विचारायचं, "नेमकं काय चुकलं? आता काय नीट करता येईल?" उत्तर मिळालं तर ते काम आजच करायचं. नाही मिळालं तर नळी सोडायची.

प्रार्थना: पांडुरंगा, माझी चूक मला दाखव, पण तुझ्या डोळ्यांनी दाखव. आणि खाडा पडला तरी तुझ्या धृपदाला परत यायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरि!