दोन-सहाच्या हिरव्या बांगड्या

जबलपूरला बड्या फुहाऱ्याजवळ एका मराठी आजींचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत तिथून कमानिया गेटपर्यंत माणूस मुंगीच्या पावलाने सरके. दुकानात दोन कपाटं होती. पहिल्यात काचेच्या बांगड्या, दुसऱ्यात लाखेच्या. कपाटात मापांचे कप्पे: २-४, २-६, २-८. कप्प्यात रंगांचे डबे. २-६ म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळांतले सहा भाग.

नात नुकतीच पायथन शिकू लागली होती. तिने सगळा माल कॉम्प्युटरवर चढवला, अगदी दुकानात होता तसाच. डिक्शनरीत लिस्ट, लिस्टमध्ये पुन्हा डिक्शनरी. चुड्यासाठी हिरव्या बांगड्या किती डझन उरल्या, हे काढायला तिने एका दमात ओळ लिहिली:

दुकान["कपाटं"][1]["काच"][2-6]["हिरव्या"]

उत्तर आलं, कीएरर: 'काच'.

"काच तर आहे! मीच लिहिलीय!" तिने कंस बदलले, शब्द पुन्हा टाइप केले, सगळं पुसून परत लिहिलं. तास गेला. पोर रडकुंडीला आली.

आजी गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी डबा कसा काढते ते बघ. कपाट उघडते, कुठलं उघडलं ते बघते. मग कप्पा, मग त्यावरची चिठ्ठी. तू रस्त्यावरूनच थेट डब्यात हात घालतेयस. अशाने बांगड्या वाढतात, बाळा."

नातीने ओळ तोडली. आधी फक्त दुकान["कपाटं"] छापून पाहिलं. दोन कपाटं दिसली. मग त्यातलं [1] छापलं, तर समोर लाख! पायथन लिस्ट शून्यापासून मोजतो. ती मघापासून दुसऱ्या कपाटात काच शोधत होती. तिने [0] लिहिलं आणि काच सापडली.

पुढच्या दाराशी नवंच उत्तर आलं. कीएरर: -4. हा उणे चार आला कुठून? तिने कप्प्यांची नावं छापली. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत होतं. तिने मात्र चिन्हं न देता 2-6 लिहिलं होतं आणि पायथनने इमानेइतबारे दोनातून सहा वजा केले होते. नवशिक्या मुलांचे किती तास अशा जागी जातात! चूक दाखवणारा तो लाल मजकूर त्यांना रागावल्यासारखा वाटतो आणि ती तो न वाचताच पुसतात. गाडं कोणत्या कप्प्याशी अडलं, हे तोच तर सांगत असतो.

"2-6" अवतरणचिन्हांत गेलं. कप्पा उघडला. त्यातले रंग तिने वाचले आणि मगच शेवटचा कंस लिहिला.

पडद्यावर आकडा आला, १८.

आजींनी स्टुलावर चढून हिरवा डबा उतरवला आणि गिऱ्हाइकासमोरच मोजला. १८ डझन होत्या.