न मागितलेले चित्र

वाचकहो, प्रपंचात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. ज्या कामाचे दाम मिळतात ते काम आपण करतोच; पण ज्याचे दाम मिळत नाहीत, ज्याची कोणी वाट पाहत नाही, जे केले नाही तर कोणाचे काही अडत नाही, असे काम रोज नेमाने करावे की करू नये? ते चांगल्या कामात धरावे, की वेळेची उधळपट्टी म्हणावी? आम्हांला हा प्रश्न एका चित्रकाराच्या वहीमुळे पडला. म्हणून तिची हकीकत आधी सांगतो.

हे गृहस्थ आमच्या परिचयाचे. पुस्तकांची मुखपृष्ठे, शाळेच्या पुस्तकांतील चित्रे, दिवाळी अंकांतील रेखाटने, लग्नपत्रिका, जे काम येईल ते करून ते पोट भरतात. प्रकाशक सांगेल ते काढायचे, तीनदा बदल सांगितला तर तीनदा बदलायचे. त्यात कमीपणा काहीच नाही. कुंभार मडके गिऱ्हाइकाच्या चुलीच्या मापानेच करतो.

पण त्यांच्या पिशवीत एक निराळी वही असते. तिच्यातली चित्रे ते विकत नाहीत, छापायला देत नाहीत. रोज एक तरी पान भरायचे, असा त्यांचा नेम. एका वारीत सासवडच्या मुक्कामी आम्ही त्यांना पाहिले. दिंडीतली माणसे पाठ टेकून पडली होती, आणि हे एका झाडाखाली बसून एका म्हातारीचे पाय काढीत होते. पायाला चिखल, टाचेला भेगा, अंगठ्याला चिंधी बांधलेली. म्हातारीने डोळा उघडला आणि म्हणाली, “काय रं बाबा, माझं पाय कशापायी काढतोस? देवाचं काढ की!” जवळचे सगळे हसले. चित्रकारही हसले, पण पेन्सिल थांबली नाही.

आम्ही विचारले, “बुवा, याचे पुढे काय करणार?”

“काही नाही,” ते म्हणाले. “पान भरलं, झालं.”

पुढे आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या मंडळींनी आमच्यापाशी गाऱ्हाणे मांडले. “रोज अर्धा-पाऊण तास त्या वहीत जातो. तेवढ्यात महिन्याला एखादं काम जास्त होईल, पोरीच्या फीला हातभार लागेल. वही काय खायला घालते का? तुम्हीच सांगा यांना.” बाईंचे हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. घरच्या माणसांच्या तोंडचा घास काढून आपली हौस पुरवणे याला कोणी नेम म्हणू नये. तेव्हा प्रश्न खराच उभा राहिला.

आम्ही चित्रकारांकडे पाहिले. त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून दोन कागद काढून पुढे ठेवले. पहिले जुने छापील चित्र, गोष्टीच्या पुस्तकातले. त्यात एक म्हातारी: डोक्यावर पदर, कपाळावर तीन सुरकुत्या, हातात काठी. ते म्हणाले, “दहा वर्षं मी हीच म्हातारी काढली. गोष्ट कोकणातली असो की विदर्भातली, म्हातारी हीच. गिऱ्हाइकालाही तीच हवी असते, कारण ती ओळखीची. एक दिवस एस. टी. स्टँडवर खरी म्हातारी समोर बसली, आणि सहज म्हणून तिला काढायला गेलो, तर हात चालेना. ती गाठोडं कसं धरते, कमरेत कुठं वाकते, काही ठाऊक नव्हतं. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी म्हातारी काढतच नव्हतो, माझी सहीच काढत होतो.” दुसरा कागद अलीकडचा. त्यातल्या म्हातारीला पाय होते, आणि ते पाय तिचेच होते.

आमच्या मते या प्रश्नाचे मूळ इथे सापडते. दाम घेऊन काम करणाऱ्याची नजर हळूहळू गिऱ्हाइकाच्या नजरेवर बसते. त्याला काय पटेल, तो काय मान्य करील, एवढेच दिसू लागते. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. पण समोरचा माणूस जसा आहे तसा पाहण्याची सवय त्यात मोडते. ही गोष्ट चित्रकारापुरती नाही. वैद्याला रोगी म्हणजे नुसती नाडी वाटू लागते, मास्तरला मूल म्हणजे पटावरचे नाव, आणि दुकानदाराला शेजारी म्हणजे उधारी. रोजच्या धंद्याने डोळ्यावर साय येते. ती काढायला ज्यात आपला लाभ गुंतलेला नाही असे थोडे तरी पाहणे लागते.

जपानात होकुसाई नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. १७६० साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, तो जन्मला. पोरवयात छपाईचे लाकडी ठसे कोरले, मग चित्रे शिकला, आणि जन्मभर प्रकाशकांसाठी चित्रे काढून जगला. उसळत्या लाटेचे त्याचे चित्र १८३१ च्या सुमाराचे. ते आज जगभर भिंतींवर दिसते. तेही विकण्यासाठीच काढलेले होते. म्हणजे दाम घेतले की काम हलके झाले, असे मुळीच नाही. हाच होकुसाई ब्याऐंशी वर्षांचा झाला, तेव्हा १८४२-४३ या काळात रोज सकाळी शाई-कुंचल्याने एक सिंह काढी. कधी सिंह, कधी सिंहाचे सोंग घेऊन नाचणारा माणूस. त्यावर तारीख घाली. त्याला गिऱ्हाईक नव्हते. काढून झाले की चुरगळून बाहेर टाकी, असे सांगतात. दुसऱ्या कोणी ती जपली म्हणून उरली. त्यांतील २१९ चित्रे आज जपानच्या क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

याला निष्काम कर्म म्हणून मोकळे व्हावे, असे वाटते. पण खरे तेच सांगावे. त्या चित्रमालेचे नावच ‘रोजचे अरिष्टनिवारण’ अशा अर्थाचे आहे. सिंह काढला की पीडा टळते, ही भावना त्यामागे होती. म्हणजे मागणे होतेच. माणूस आहे, मागणे एकदम सुटत नाही. पण त्या मागण्यासाठी त्याने सिंहाला बाजारात उभे केले नाही. आणि त्याआधी, १८३४ च्या एका पुस्तकात, सत्तरीपर्यंत काढलेल्यात धरण्याजोगे काही नाही, असे तो लिहून गेला होता. ज्याला अजून शिकायचे आहे त्यालाच रोजचा नेम लागतो. ज्याला सगळे आले, त्याला कशाला लागेल?

हल्ली काहीजण रोजचे रेखाटन लगेच मोबाइलवर टाकतात आणि किती जणांनी वाहवा केली ते मोजत बसतात. टाकणे वाईट नव्हे. पण मोजणे सुरू झाले की तिथेही एक गिऱ्हाईक येऊन बसले, आणि ते प्रकाशकापेक्षा कठीण. प्रकाशक दाम तरी देतो. परीक्षा सोपी आहे: कोणी पाहणार नाही असे ठाऊक असतानाही आजचे पान भरेल का? भरणार असेल तर नेम. नाही तर तोही धंदाच, फक्त बिनपैशाचा. आपण पहाटे हरिपाठ म्हणतो तो शेजाऱ्याच्या कानासाठी असेल, तर त्यालाही हाच न्याय.

राहता राहिले बाईंचे गाऱ्हाणे. त्यावर आम्ही एवढेच सुचवले की नेमाची वेळ घरच्यांच्या वेळेतून घेऊ नये, आपल्या झोपेतून घ्यावी. त्यांनी ते मानले. आता ते घर उठायच्या आत बसतात. मुलीची फी भरायची त्या महिन्यात त्यांनी दिनदर्शिकेचे मोठे काम घेतले. तेव्हा पान भरायला वेळ नव्हता, तर रोज कोपऱ्यात एक हात नाही तर एक भांडे काढले. नेम मोडला नाही, आखूड झाला. बाई अजूनही म्हणतात, “वही खायला घालत नाही.” ते खरेच आहे. पण परवा त्यांनीच आम्हांला वहीतले एक पान उघडून दाखवले. भाकरी थापणारे हात होते. “हे माझे,” म्हणाल्या, “बांगडी पिचलेली आहे ना, तीसुद्धा काढलीय.”

सासवडच्या त्या म्हातारीचे बोलणे आमच्या मनातून जात नाही. देवाचं काढ की, असे ती म्हणाली. पण वाचकहो, वारीच्या वाटेवर आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. ठेवतो, आणि पुढे चालू लागतो. ते पाय कसे होते, भेगाळलेले की सुजलेले, हे आपल्यातल्या कितीजणांनी पाहिले असेल? आम्ही तरी पाहिले नव्हते. त्या चित्रकाराने ते अर्धा तास पाहिले, आणि त्याबद्दल कोणाकडे काही मागितले नाही.