उत्तरं जुळवू द्या

‘झालं ते झालं, आता त्या पेपरचं नाव काढू नका,’ असं आपण मुलांना मायेपोटी सांगतो. बोर्डाच्या परीक्षेत ते ठीकही असतं. उद्या पुन्हा पेपर असतो. आज काय चुकलं ते कळून रात्रीची झोप घालवण्यात फायदा नसतो. पण वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा एका दिवसात, एका बैठकीत संपते. दुपारी सुरू झालेला पेपर संध्याकाळी सुटला की पुढे जपून ठेवण्यासारखं काही उरत नाही. तरीही आपण तोच सल्ला देत राहतो, आणि इथे तो मुलांचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

मौदा या तालुक्याच्या गावाहून परीक्षेसाठी नागपूर गाठलेली मुलं मे महिन्याच्या उन्हात भंडारा रोडने परततात, तेव्हा त्यांच्याजवळ प्रश्नपत्रिका असते. ओएमआर शीट केंद्रावर जमा होते, पुस्तिका मात्र घरी नेता येते. शहराच्या टोकाची पारडी ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की सुरू होतं : ‘तुयं का आलं?’ ‘मले दोन नंबर.’ ‘मले चार.’ आणि मग, तीन तासांत कुणी विचारलेलं नसतं ते : ‘काहून?’

परीक्षेत या ‘काहून’ला जागाच नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला वजा १, एकूण ७२०. दोन वर्षं मुलं गोल काळे करण्याचा वेग वाढवत असतात. कारण सांगायची, दुसऱ्याचं कारण ऐकून आपलं तपासायची पाळी त्यांच्यावर येते ती पेपर सुटल्यावर. ही चर्चा भीतीतून सुरू होते, हे खरं आहे. पण ती चालते विषयावर, आणि पूर्ण मनाने. वर्गात असं लक्ष मिळवण्यासाठी शिक्षक वर्षभर झटत असतात.

५ मे २०२४ च्या नीटमधला भौतिकशास्त्राचा एक प्रश्न घ्या. त्यात अणूविषयी दोन विधानं होती. पहिल्याबद्दल वाद नव्हता. दुसरं सांगत होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्याच्या हाती येणाऱ्या घरांत कुठला पर्याय निवडला गेला असेल, हे सांगायला नको. दुसरं विधान बरोबर मानणारा पर्याय चार लाखांहून अधिक मुलांनी निवडला होता. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी एकच उत्तर बरोबर धरलं, मग दोन्ही धरली. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, आणि दुसरं विधान चूक असल्याचं ठरलं. त्या मुलांचे प्रत्येकी ५ गुण गेले. पूर्ण ७२० गुण मिळवणारे आधी ६७ होते. फेरपरीक्षा (तिच्याबद्दल पुढे येईलच) आणि हा निकाल मिळून शेवटी १७ राहिले.

आता हाच प्रश्न परतीच्या गाडीत चौघांमध्ये आला असं समजा. तिघं दोन नंबर (दोन्ही विधानं बरोबर) म्हणतात, एक चार (दुसरं चूक). मतं मोजली तर एकटा हरला. पण त्याने एवढंच विचारलं, ‘मंग युरेनियमचं का?’, तर तिघांना थांबावं लागतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात हे त्यांनाही ठाऊक असतं. पाठ केलेल्या वाक्यासमोर ते कुणी धरून पाहिलेलं नसतं. न्यायालयाला आणि तज्ज्ञांना जे करावं लागलं, त्याचं मूळ या एका प्रश्नात आहे.

उत्तरं जुळवण्याचं दुसरंही काम आहे, आणि ते मला अधिक मोलाचं वाटतं. ४ जून २०२४ ला निकाल लागला, तेव्हा काहींचे गुण ७१८ आणि ७१९ दिसले. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. नीटच्या हिशेबात ७१८ बसतच नाही. हे साध्या बेरीज-वजाबाकीतून विद्यार्थ्यांनीच बोलून दाखवलं. मग कळलं की वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते रद्द झाले आणि २३ जूनला फेरपरीक्षा घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या. परीक्षा दिलेल्या मुलांनी तक्रारी केल्या आणि ५ मेला त्या सत्राची फेरपरीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्यांवर खरी देखरेख ठेवली ती परीक्षा देणाऱ्यांनी, आपसांत ताळा करून.

म्हणूनच अनेक सत्रांत विभागलेल्या संगणकीय परीक्षा मला खटकतात. तिथे संध्याकाळी हातात कागद नसतो. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीने तीच सीईटी दिलेली असते, पण दुसऱ्या दिवशी आणि दुसरी प्रश्नपत्रिका. पर्सेंटाइलच्या सूत्राने दोघींची तुलना सरकार करतं. त्यांना स्वतःला ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नीट-पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दोन सत्रांत घ्यायला मनाई केली, त्यामागेही दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी असू शकत नाही हाच मुद्दा होता. मोठ्या परीक्षेच्या व्यवस्थेची अडचण मी समजू शकतो. पण सोयीसाठी मुलांच्या हातची पडताळणीची ताकद गेली, तर तो खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

आणि ही ताकद सगळ्यांकडे सारखी नाही. नागपुरातल्या मोठ्या क्लासची मुलं शेकड्यांनी एकत्र येतात, रात्रीपर्यंत त्यांच्या सरांनी सोडवलेला पेपर मोबाइलवर येतो, आन्सर कीवर हरकत घ्यायची तर ती कशी मांडायची हेही सर सांगतात. मौद्याच्या मुलाकडे चार मित्र असतात. नीटच्या आन्सर कीला आव्हान द्यायचं तर प्रश्नामागे २०० रुपये भरावे लागतात, सीईटीत १,०००. आणि नीटमध्ये भरलेले पैसे मुलाचं म्हणणं खरं ठरलं तरी परत मिळत नाहीत. मराठीतून पेपर देणाऱ्यासाठी आणखी एक अट आहे : भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण. म्हणजे मराठी वाक्य वाचून विचार करणाऱ्याला आपलं बरोबर होतं हे कळायलाही कुणीतरी इंग्रजी वाचणारा शेजारी बसलेला लागतो.

जुळवताना त्रास होतो, हे मी नाकारत नाही. ज्याचं उत्तर वारंवार वेगळं येतं, तो मुलगा हळूहळू गप्प होतो, खिडकीबाहेर पाहू लागतो. त्याला जपलंच पाहिजे. पण विषय बंद केल्याने तो जपला जात नाही. आन्सर की येईपर्यंतचे दिवस तो एकट्याने, मोबाइलवरच्या अनोळखी लोकांच्या आकड्यांत काढतो. त्याला समजत्या माणसाची सोबत हवी.

ती देणं अवघड नाही. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयाने एक वर्ग उघडावा, सुटी असली तरी. विज्ञानाच्या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रश्नपत्रिका घेऊन बसावं, आणि आकडा विचारण्याआधी कारण विचारावं. जिथे मुलाचं कारण पटेल तिथे हरकतीचा मसुदा शिक्षकाने लिहून द्यावा, शुल्क संस्थेने भरावं. आणि हरकत मान्य झाली तर ते शुल्क परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने परत करावं, ही मागणी तालुक्यातालुक्यातून लेखी गेली पाहिजे.