तोंडाशी साचणारा मळ

चित्ताची शुद्धी मनुष्याच्या स्वतःच्या यत्नाने होते, की ज्या शक्तीचे तो केवळ एक द्वार आहे ती शक्तीच वाहता वाहता आपले द्वार धुऊन काढते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी अनेक अंगांनी चर्चिला आहे. परंतु पतंजलीने योगसूत्रांच्या कैवल्यपादाच्या आरंभी त्याचे जे उत्तर दिले, त्यातला दृष्टान्त थेट शेताच्या बांधावरचा असल्यामुळे, शेतीवर जगणाऱ्या मुलखात त्याची परीक्षा शेतातच करून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. पतंजलीचे म्हणणे असे की, धर्माचरण हे प्रकृतीला ढकलणारे कारण नव्हे. ते फक्त आवरण फोडते. व्यासभाष्यात याचा खुलासा आहे: एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी नेणारा कुणबी ते पाणी हातांनी लोटीत नाही, तो आडवी असलेली माती तेवढी बाजूस करतो, आणि मग पाणी आपल्याच स्वभावाने पुढे जाते. पुण्यकर्म अधर्माचा बांध फोडते, बाकीचे सर्व प्रकृती स्वतः करते. मनुष्याच्या पुरुषार्थाला याहून नम्र आणि तरीही याहून आवश्यक असे स्थान दुसऱ्या कोणी दिल्याचे मला आढळलेले नाही.

या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की पाणी वरच्या अंगास भरपूर आहे आणि उतार त्याची वाट पाहत आहे. अशी शेती बीडच्या मुलखात अगदीच नव्हती असे नाही. निजामशाहीच्या अंमलात, मुर्तजा निजामशहाचा जहागीरदार सलाबतखान याने राजा भास्कर या कारागिराकडून 1582 मध्ये बांधविलेली बीडजवळची खजाना विहीर हा त्याचा उत्तम दाखला आहे. तिथे भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येते आणि तसेच भुयारातून, कसल्याही यंत्राच्या जोराविना, खालच्या जमिनींकडे जाते. पतंजलीचा कुणबी तिथे आला असता तर त्याला काहीच परके वाटले नसते. पण त्याच बीड जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर कासार तालुक्याची गोष्ट निराळी आहे. बालाघाटच्या डोंगरात, पाटोद्याच्या अंगास उगम पावून शिरूरवरून खाली उतरणारी आणि पुढे मांजरथाजवळ गोदावरीस मिळणारी सिंदफणा वर्षाचा मोठा काळ कोरडी असते. पर्जन्यछायेत पडलेल्या या तालुक्यातून दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे बिऱ्हाड बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात, आणि जी मागे राहतात ती विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर रब्बीचा हरभरा, गहू, कांदा जगवितात. इथे पाणी वरून खाली येत नाही. ते खालून वर ओढावे लागते. आणि ओढलेले पाणी इतके थोडे असते की पाटाने सोडले तर निम्मे पाटातच जिरून जाईल. म्हणून पाईप आला, तुषारसंच आला, ठिबक आले, आणि त्या सर्वांच्या शेवटी ते लहानसे पितळी किंवा प्लास्टिकचे तोंड आले, ज्याला आमच्याकडे सगळे नोझल म्हणतात.

या नोझलपाशी पतंजलीचा दृष्टान्त प्रथमदर्शनी उलटा होतो, आणि तिथेच तो खरा विचार करावयास लावतो. कारण नोझल हे स्वतःच आवरण आहे. पाईपच्या मोकळ्या तोंडातून पाणी सोडले तर ते पायाशीच पडून खड्डा करते. तेच पाणी अरुंद छिद्रातून जाऊ दिले म्हणजे त्याचा वेग वाढतो, ते दूर जाते, फुटून त्याचे थेंब होतात आणि रानावर सारखे पडतात. डॅनियल बर्नुली याने 1738 च्या आपल्या ग्रंथात दाब आणि वेग यांचा जो संबंध गणिताने मांडला, तो तुषारसंच वापरणारा प्रत्येक शेतकरी रोज डोळ्यांनी पाहतो. म्हणजे प्रवाहाच्या वाटेत येणारे सर्वच काही फोडण्याजोगे नसते. एक अडथळा असतो आणि एक मर्यादा असते; अडथळा प्रवाहाला थांबवितो, मर्यादा त्याला दिशा देते. व्रत, नियम, संयम, आश्रमधर्म, एकादशी, पंढरीची वारी ही सर्व या दुसऱ्या जातीची आहेत. ज्याने कसलीही मर्यादा घालून घेतली नाही त्याची शक्ती फार तर त्याच्या पायाशी चिखल करते.

हे तोंड फिरविता येते, ही गोष्टही सामान्य नव्हे. हातात धरावयाच्या नोझलचे कवच पिळले की आतली खीळ मागेपुढे सरते, आणि तेच पाणी कधी सरळ धारेने, कधी पसरट फवाऱ्याने, कधी धुक्यासारखे बाहेर पडते. कालच उगवलेल्या रोपावर धार मारली तर रोप मुळासकट उखडेल, आणि जुन्या झाडाच्या बुंध्याशी धुके सोडून काही उपयोग नाही. वेदान्तात अधिकारभेद म्हणून जो सिद्धान्त सांगितला आहे तो याहून वेगळा नाही: सत्य एकच, पण ते ज्याला द्यावयाचे त्याच्या ताकदीप्रमाणे त्याचे रूप बदलावे लागते. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशास गीतेवर प्राकृतात जे विवरण केले त्यात तत्त्व नवे नव्हते. ज्या श्रोत्यांपर्यंत संस्कृताची धार पोहोचत नव्हती त्यांच्यापर्यंत ते पोहोचावे एवढीच त्यामागची तळमळ होती.

परंतु जिथे अरुंदपणा आला तिथे कचरा अडकणे आलेच. पाईपच्या मोकळ्या पोटातून शेवाळाचा तंतू, वाळूचा कण, पानाचा तुकडा बिनहरकत पुढे जातो आणि नेमका तोंडाशी थांबतो. जो नियम प्रवाहाला वेग देतो, त्याच नियमाच्या तोंडाशी मळ साचतो. म्हणूनच स्वैर वागणाऱ्याच्या ठिकाणी जे दोष दिसत नाहीत, ते नेमनिष्ठ मनुष्याच्या ठिकाणी दिसतात. शिवाशिवीचा कडकपणा, आपल्या पंथाचा ताठा, न पाळणाऱ्यांविषयी तुच्छता हे स्वैराचाऱ्याचे रोग नव्हेत, ते नियम पाळणाऱ्याचे आहेत. हे धर्माच्या टीकाकारांना फार लवकर दिसते, आणि ते सांगतात की तोंडच काढून टाका. तोंड काढले की कण अडकत नाहीत हे खरे. पण मग रानही भिजत नाही.

बुजलेले नोझल साफ करण्याची जी रीत शेतात सर्रास दिसते ती म्हणजे तार किंवा बाभळीचा काटा घालून छिद्र टोकरणे. कण निघतो, पण छिद्राची कड खरवडली जाते, ते मोठे आणि वेडेवाकडे होते. मग पाणी एका अंगाला जास्त पडते, दुसऱ्या अंगाला रान कोरडे राहते, आणि हे नुकसान कायमचे असते. देहदंडाची आणि आत्मधिक्काराची जी साधना कित्येक जण मोठ्या निष्ठेने करतात, ती मला या तारेसारखी वाटते. शरीरातील भूतग्रामाला कृश करणाऱ्या, शास्त्रविहित नसलेल्या घोर तपाला गीतेने सतराव्या अध्यायात आसुरी म्हटले आहे, आणि बुद्धाने उरुवेलेच्या दीर्घ उपोषणानंतर तो मार्ग सोडला, तो काही कष्टांना भिऊन नव्हे. दोष काढताना पात्रच विद्रूप होत असेल तर तो इलाज नव्हे.

स्वतः साफ होणाऱ्या नोझलची रचना करणाऱ्यांनी जी युक्ती योजली ती म्हणूनच मननीय आहे. त्याच्या पोटात रबराचा किंवा सिलिकॉनचा पातळ पडदा, किंवा एखादी स्प्रिंग असते. पाण्याचा दाब पूर्ण असतो तेव्हा पडदा दाबला जाऊन वाट अरुंद राहते; दाब उतरतो तेव्हा तो सैल पडतो, वाट रुंद होते, आणि अडकलेला कण त्याच पाण्याबरोबर बाहेर निघून जातो. मोटर चालू होताना आणि बंद होताना, म्हणजे कामाच्या आरंभी आणि अखेरीस, हे घडते. बाहेरून काही घालावे लागत नाही. जे पाणी तोंडातून जावयाचे तेच तोंड धुते. अट एवढीच की तोंडाने क्षणभर आपला ताठपणा सोडावा. पतंजलीचा कुणबी इथे पुन्हा भेटतो, फक्त मातीचा बांध फोडण्याऐवजी तो आता स्वतःच सैल होतो आहे. आपल्या पूर्वजांनी उपासनेचे काळ दिवसाच्या संधींवर का ठेवले, याचे उत्तर मला यात सापडते. काम पूर्ण जोरात असताना मन तपासता येत नाही; ते जोर चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर तपासावयाचे असते. पेशव्यांच्या काळी कात्रजहून पुण्यास पाणी आणताना वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, जिथे पाण्याचा दाब मोकळा होई आणि गाळ खाली बसे. नळ कितीही पक्का असो, अशा मोकळ्या जागांची तजवीज केल्याशिवाय तो चालणार नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

येथे जैन दर्शनाची हरकत मनावर घेतली पाहिजे, कारण ती सर्वांत गंभीर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आस्रव, संवर आणि निर्जरा असा क्रम आहे: कर्माचा ओघ आत येतो तो आस्रव, तो रोखणे हा संवर, आणि आधी साचलेले झडून जाणे ही निर्जरा. या मताप्रमाणे प्रवाह हाच मळ आणणारा आहे. तोच मळ धुईल ही आशा व्यर्थ होय. शेतकऱ्याचा अनुभव या मताला अर्धा कौल देतो. नोझल कितीही स्वतः साफ होणारे असो, मोटरीजवळ वाळूचा फिल्टर आणि जाळी बसविल्यावाचून कोणी संच चालवीत नाही. तो पडदा चार कण बाहेर टाकील, ओंजळभर गाळ नव्हे. छान्दोग्य उपनिषदाने आहारशुद्धीने सत्त्वशुद्धी होते असे सातव्या अध्यायात सांगितले, आणि शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे केवळ अन्न न घेता इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय असा अर्थ केला. तो हा संवरच आहे. परंतु मोक्षासाठी ओघ सर्वस्वी थांबविणे हे यतीचे कार्य आहे. ज्याच्या मागे रान तहानलेले आहे त्या गृहस्थाला ओघ थांबवून शुद्ध राहण्याची मुभा नाही. त्याला वाहता वाहताच शुद्ध व्हावे लागते, आणि निष्काम कर्माने चित्तशुद्धी होते हे आचार्यांचे मत त्याच्याच उपयोगाचे आहे. पैठणच्या एकनाथांविषयी जी कथा सांगतात, की रामेश्वरास न्यावयाचे गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले, तिच्यात एक कडक नियम योग्य क्षणी सैल झाला, आणि त्या सैल होण्यानेच तो शुद्ध राहिला, असे मी समजतो.

मग प्रश्न सुटला असे म्हणावयाचे काय? नाही, कारण नोझल बुजविणारा आणखी एक पदार्थ आहे, आणि तो कण नव्हे. आमच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी जड असते; त्यात विरघळलेला चुना डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि कोणत्याही जाळीत अडकत नाही. मोटर बंद झाल्यावर तोंडाच्या कडेवर जो ओलावा उरतो तो उन्हाने सुकतो, आणि चुन्याचा पांढरा पापुद्रा तेवढा मागे राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा पापुद्रा चढतो. पडदा सैल पडला तरी तो निघत नाही, उलट पडद्यावरच बसतो आणि त्याला कडक करतो. अहंकार हा असा विरघळलेला मळ आहे. तो वाईट कर्मातून येत नाही. आपण जे चांगले वाहून नेतो त्यातच तो मिसळलेला असतो, आणि काम संपल्यावर, दान दिल्यावर, सप्ताहाची सांगता झाल्यावर, मागे उरलेल्या समाधानाच्या ओलाव्यातून तो आपल्या कडेवर बसतो. माझ्यातून इतके पाणी गेले, हे वाक्य मनात सुकले की क्षार तयार झाला. योगवासिष्ठाने मुमुक्षुव्यवहार प्रकरणात पौरुषाचा जो गौरव केला आहे तो वाचताना मन उभारी धरते. पण या एका मळाविरुद्ध पौरुष चालत नाही, कारण पौरुषाच्या प्रत्येक यशाबरोबर तो वाढतो.

शेतकरी अशा वेळी काय करतो? तो नोझल काढून आम्लाच्या पाण्यात ठेवतो, किंवा संचातून आम्ल सोडतो. आम्ल झोंबते, त्याचा वास उग्र असतो, आणि ते नोझलच्या पोटातून कधीच येत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या हातून येते. म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, कणासारखे दोष प्रवाहाच्या कृपेने आणि आपल्या सैल होण्याने जातात, पण क्षारासारखा दोष केवळ आपल्याने जात नाही. तिथे गुरू लागतो, आणि गुरू नसेल तर निदान तोंडावर खरे बोलणारा एक शेजारी लागतो. आमच्या तालुक्याभोवती गडांची आणि कीर्तनाची परंपरा मोठी आहे, भगवानबाबांसारख्या संतांनी या कोरड्या मुलखात शिक्षणाचे आणि नामाचे पाणी खेळविले आहे, आणि सप्ताहांना, पंगतींना, देणग्यांना इथे कधी तोटा पडत नाही. या सर्व कार्यांत जे पुढे असतात त्यांना माझी विनंती एवढीच आहे: मांडवात आपले कौतुक करणारे पुष्कळ आहेत, त्यांत आपला दोष सांगणारा एक मनुष्य असेल तर त्याला पहिल्या रांगेत जागा द्यावी, आणि तो रागावून निघाला तर कार्यक्रम थांबवून त्याला परत बोलवावे.