अर्ध्या गोळीचा हिशेब

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला म्हटले की डोळ्यांपुढे वॉर्ड, सलाईन आणि केमो येते. पण लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारांतला सर्वांत लांब टप्पा घरीच पार पडतो. सुरुवातीचे कडक उपचार आटोपले की 'मेंटेनन्स' सुरू होतो. तो साधारण दीड-दोन वर्षे चालतो, आणि त्यातल्या बहुतेक गोळ्या आईच्या हातून दिल्या जातात. वॉर्डात एका डोसावर डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स अशा तिघांची नजर असते. घरी आई एकटी असते.

तिच्या वाट्याला काय येते ते पाहा. शरीराचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर असलेल्या मुलाला मर्कॅप्टोप्युरिन रोज सुमारे ३६ मिलिग्रॅम लागते. गोळी मिळते ५० ची. मग आठवड्याचे गणित जुळवायचे: तीन दिवस एक, चार दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, अडीच मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या. को-ट्रायमॉक्सॅझोल ठरावीक वारी. मध्येच काही दिवस स्टेरॉइड. रक्ताच्या रिपोर्टात पेशी उतरल्या की हा सगळा हिशेब नव्याने मांडायचा.

आठवड्याचे मेथोट्रेक्सेट रोज दिले गेले तर तोंड सोलवटते, अस्थिमज्जा काम थांबवते, मूल दगावू शकते. दुकानात अडीचची गोळी नसली आणि दहाची दिली गेली, तर तीच आई तेवढ्याच काळजीने पाच गोळ्या मोजते आणि डोस चौपट होतो. याला तिचा निष्काळजीपणा कसा म्हणायचा?

डोस चुकवणेही परवडणारे नाही. डॉ. स्मिता भाटिया यांच्या अमेरिकेतील अभ्यासांत, मर्कॅप्टोप्युरिनचे ९५ टक्क्यांहून कमी डोस घेतलेल्या मुलांत रोग उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. म्हणजे महिन्यात दोन डोस राहिले तरी ती रेषा ओलांडली जाते.

म्हणून पालकांना 'नीट लक्ष द्या' असे बजावण्यापेक्षा चुका होण्याच्या जागाच कमी केल्या पाहिजेत. पूर्वी मर्कॅप्टोप्युरिन रिकाम्या पोटी आणि दुधाशिवायच द्यायचे, असा दंडक होता. तीन वर्षांच्या मुलापाशी तो पाळायचा म्हणजे रोजचा झगडा. पुढे झालेल्या अभ्यासांत त्याने रोग उलटण्यात फरक पडत नसल्याचे दिसले. अनावश्यक नियम काढून टाकणे हाही उपचारच आहे. या औषधाच्या पातळ रूपाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मात्र बहुतेक घरांत अजून गोळीच मोडली जाते, तीही अनेकदा उघड्या हातांनी.

हे पातळ औषध सर्वत्र मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर 'ओडी'सारखी (दिवसातून एकदा) अक्षरे नकोत. वार लिहावा, मराठीत लिहावा, गोळी किती मिलिग्रॅमची तेही लिहावे. ते औषध रुग्णालयातूनच, एकाच ताकदीचे मिळावे. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी सोबत द्यावी. उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, हे विचारायला रात्रीही उचलला जाणारा फोन हवा.

आणि डॉक्टरांना एक विनंती. 'समजले का?' असे विचारू नका, त्याला सगळे 'हो'च म्हणतात. पुढच्या आठवड्याची डबी आईला तुमच्यासमोर भरायला सांगा, आणि ती भरून होईपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक मारू नका.