त्यात काय विशेष?

विशेषण लिहायला काहीच लागत नाही. ‘उत्तम’, ‘दर्जेदार’, ‘अस्सल’ हे वस्तू न पाहता घरबसल्या सुचतं. वाचणाराही मग ते न वाचताच पान उलटतो.

जाहिरातीचा मजकूर शिकायचा तर आधी वस्तूजवळ जाऊन बसावं.

क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकी जाहिरातलेखक शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिलवॉकीला, श्लिट्झ कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात गेला. सगळे बिअरवाले तेव्हा ‘शुद्ध, शुद्ध’ म्हणून ओरडत होते. तो शब्द मोठ्या टायपात छापत होते, मग जोडपानं घेऊन आणखी मोठ्या. हॉपकिन्सने आत काय पाहिलं? काचेच्या खोल्यांत, गाळलेल्या हवेत थंड होणारी बिअर. दिवसातून दोनदा धुतले जाणारे पंप आणि नळ. यंत्रावर चार वेळा स्वच्छ होणाऱ्या बाटल्या. मिशिगन सरोवर शेजारी असूनही, त्याच्या सांगण्यानुसार, ४००० फूट खोल विहिरींतून उपसलेलं पाणी. हे लोकांना का सांगत नाही, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, सगळेच असं करतात. त्याने तेच लिहिलं. पाचव्या क्रमांकावरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्याच्या बरोबरीला आली, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

जे रोज हाताखालून जातं ते मालकाला दिसेनासं होतं. त्याला विचारत राहावं, आणि ‘त्यात काय विशेष?’ असं तो म्हणेल तिथे वही उघडावी.

हॉपकिन्सच्या या गोष्टीतली एक बाब मात्र मला टोचते. सगळेच करतात ते एकाने आपलं म्हणून सांगावं का? ‘आम्ही बाटल्या चार वेळा धुतो’ हे खरं. ‘आम्हीच धुतो’ हे खोटं. त्या ‘च’पर्यंतचं अंतर वाचणारा आपल्या मनाने चालून जातो, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. उद्या सगळं कळल्यावर वाचणाऱ्याला फसल्यासारखं वाटणार नाही, तेवढंच लिहावं.

वस्तू कळली तरी माणूस कळायचा राहतो. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला खपता खपत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी मानत. अशा माणसाला फाळाची मजबुती किती सांगणार? जमीन हेच ज्याचं पोट, त्याच्या शंकेला अडाणीपणा म्हणणाऱ्याने जाहिरात लिहू नये. त्याची भीती आधी पुरती ऐकून घ्यावी.

माणूस आणि वस्तू, दोन्ही जाणून घेणारा जाहिरातलेखक म्हणजे डेव्हिड ओगिल्व्ही. तरुणपणी तो स्कॉटलंडमध्ये दारोदार ‘आगा’ चुली विकायचा. पुढे रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिण्याआधी तो तीन आठवडे त्या गाडीबद्दल नुसता वाचत होता. मथळे लिहिले २६. ताशी ६० मैल वेगातही गाडीतला सर्वांत मोठा आवाज तिच्या विजेच्या घड्याळाचा, अशा अर्थाचा त्यातला एक जगभर गाजला. ती गोष्ट त्याला वाचताना सापडली होती. गाडी तपासणाऱ्यांनी ती आधीच लिहून ठेवली होती. ‘शांत’ हा शब्द त्या मथळ्यात नाही.

मजकूर झाला की ज्याला ती वस्तू खरंच हवी आहे अशा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. ‘छान लिहिलंय’ म्हणाला, तर कागद बाजूला ठेवावा. ‘पावसात टिकेल का?’ असं विचारलं, तर उत्तरासाठी पुन्हा कारखान्यात जावं.